जमनाकाकीची वेळणी

आमच्या स्वयंपाकघरात ट्रॉल्या बसल्या त्या वर्षी आईच्या कपाळाला तीन टेंगळं आली, दादाचं लग्न झालं आणि जमनाकाकी आमच्याशी बोलायची बंद झाली. या तिन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत, आणि तिन्हींत थोडाथोडा माझा हात आहे. लग्नात कमी, बाकी दोन्हींत जास्त.

त्याआधी आमच्याकडे मांडणी होती. लोखंडी, भिंतीला ठोकलेली, मागच्या दाराच्या बरोबर समोर. वरच्या फळीवर टोप, मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत गेलेले, मधे ताटं उभी, खाली वाट्या-पेले, आणि कडेच्या आकड्यांना पळ्या, झारे, उलथनी. कढई मात्र खिडकीजवळच्या खिळ्याला. खारी हवा लागून मांडणीला दर पावसाळ्यात गंज चढायचा आणि आई दर दिवाळीला तिला रंग मारायची, हाताला येईल तो. एका वर्षी बाबांनी बोटीचा उरलेला निळा आणला, तेव्हापासून आमची मांडणी बोटीसारखी निळी होती. दिसायला काही खास नव्हती. पण आईला अंधारात सांगितलं असतं तरी तिने डोळे न उघडता तिसऱ्या नंबरचा टोप काढून दिला असता. हात वर जायचा, भांडं हातात यायचं. तिला कधी बघावंच लागलं नाही.

आणि फक्त आईलाच नाही. आमच्या आळीत भांडी फिरायची. कोणाकडे कोळंबीचं कालवण झालं की एक वाटी इकडे, कोणाकडे घारगे झाले की एक डबा तिकडे. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, म्हणून ते परत जायला चार दिवस लागायचे, कधी पंधरा. तोवर ते आमच्या मांडणीवर आमच्या भांड्यांत पाहुण्यासारखं बसून राहायचं. ज्या बाईला लागेल ती मागच्या दाराने यायची, मांडणीकडे बघायची, आपलं भांडं उचलायची आणि जाता जाता ओरडायची, "नेते गोऽ!" बस. आईने "ने" म्हणेपर्यंत बाई अंगणाबाहेर. मागायचं नाही, द्यायचं नाही, विचारायचं नाही. मी लहानपणापासून हे इतकं बघितलं होतं की मला वाटायचं सगळ्या जगात असंच असतं. पुढे नवऱ्याबरोबर आशागडला आल्यावर शेजारणीच्या घरातून माझा डबा मी असाच उचलून आणला, तर तिचा नवरा माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघत होता. असो.

ट्रॉल्यांचं भूत दादाच्या डोक्यात शिरलं. तो वापीला कंपनीत होता, तिथल्या कोणा साहेबाच्या घरी त्याने किचन बघितलं आणि घरी येऊन जेवला नाही. म्हणजे जेवला, पण बोलत बोलत. "आई, एक भांडं बाहेर दिसत नाय. एक! सगळं पांढरं, प्लेन. गंजाडची माणसं घर बघायला येतील, त्यांना काय ही निळी बोट दाखवायची?" गंजाडची माणसं म्हणजे होणाऱ्या वहिनीची. शेतावरची साधी माणसं, त्यांना आमच्या मांडणीचं काही पडलं नव्हतं, पण दादाला कोण सांगणार.

मग तलासरीहून रमेशभाई सुतार आले. हा माणूस माझ्यासाठी देवाने पाठवला होता, कारण मी तेव्हा बारावीत होते आणि नकला हा माझा एकमेव चांगला विषय होता. रमेशभाई बोलायचे अर्धं गुजराती, अर्धं मराठी, आणि तोंडात कायम दोन खिळे. ओट्याखाली टेप लावून त्यांनी लांबी घेतली, रुंदी घेतली, भिंतीवर पेन्सिलने आकडे लिहिले. आईने विचारलं, "भाई, माझा मोठा टोप मापून घ्या ना." रमेशभाई खिळ्यांमधून हसले. "बेन, टेन्शन नई लेवानु. बधु अंदर आवी जशे." बधु, म्हणजे सगळं, काही अंदर आलं नाही. मोठा टोप आलाच नाही, त्याचे कान बाहेर राहिले. तो तेव्हापासून बाबांच्या खाटेखाली आहे. बाबा समुद्रावरून आले की आधी टोप सरकवतात, मग चपला काढतात.

ट्रॉल्या बसल्या, वर दारांची कपाटं बसली, निळी मांडणी भंगारवाल्याकडे गेली, आणि सगळी भांडी ओसरीवर ढीग होऊन पडली. कुठे काय लावायचं यावर आई आणि दादाचं वाजलं. आई म्हणायची जसं होतं तसं लाव, दादा म्हणायचा जसं होतं तसं लावायला मांडणी राहिलीय कुठे. शेवटी आईने हात झटकले. "पिंकी, तूच लाव. तू शिकलेली."

मी लावलं. मोबाईलवर व्हिडिओ बघून लावलं, हे सांगताना आजही माझे कान गरम होतात. व्हिडिओतल्या बाईंकडे चार टोप होते, चारही एकाच कंपनीचे, एकात एक बसणारे. आमच्याकडे टोप होते आईच्या लग्नातले, आत्याने दिलेले, बाजारात घेतलेले आणि कोणाचे ते माहीत नसलेले. एकात एक घातले तर दोन अडकले ते अजून सुटलेले नाहीत. सोमवारची आणि श्रावणातली भांडी, ज्यांना मासळी लागत नाही, ती मी वरच्या कपाटात ठेवली. मासळीची खाली. झाकणं सगळी एका खणात उभी, पुस्तकांसारखी. दिसायला इतकं सुंदर झालं की दादाने फोटो काढून गंजाडला पाठवला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात शांतता नव्हती. आई सवयीने खिडकीकडे हात करायची, तिथे कढई नाही. मग वरचं दार उघडायची, कढई नाही. दार उघडंच विसरून खाली वाकायची, ट्रॉली ओढायची, कढई सापडायची, कढई घेऊन उठायची आणि दाराचा कोपरा कपाळात. "आई गंऽ! कोणी लावलं हे, कोणी लावलं?" कोणी लावलं हे तिला माहीत होतं. झाकणं तर शत्रू होती. एक ओढलं की सहा पडायची, आणि जे ओढलं ते कधीच त्या टोपाचं नसायचं. आई एक एक झाकण घेऊन टोपावर ठेवून बघायची, जसं लहान पोरांना दुसऱ्याच्या चपला घालून बघतात. मग वैतागून ताट पालथं घालायची. खण भरून झाकणं आणि कालवणावर ताट! "ट्रॉली ट्रॉली करत होते," ती पंख्याला सांगायची, "घ्या, ट्रॉली." दादा आवाज न करता बंद होणाऱ्या ट्रॉलीवर खूश होता. आईला तोच राग. "आपटली तर आपटू दे की! मला राग काढायला काय तरी पाहिजे ना घरात."

या सगळ्यात जमनाकाकीची वेळणी आली.

जमनाकाकी म्हणजे आमच्या मागच्या घरातली, आणि मासळीबाजारात आईच्या शेजारी बसणारी. दोघींच्या टोपल्या एकमेकींना चिकटून असायच्या. एक उठली की दुसरी तिचं गिऱ्हाईक सांभाळायची, बर्फ एकाच पेटीतला, चहा एकाच कपातला, बशी आईची. आमच्याकडे भात वेळून खातात, म्हणजे शिजला की टोपावर एक चपटी काठाची ताटली दाबून धरायची आणि टोप वाकडा करून पाणी काढून टाकायचं. ती ताटली म्हणजे वेळणी. जमनाकाकीची वेळणी पितळी, जड, तिच्या आईकडून आलेली, आणि तिच्या भाताच्या टोपावर अशी बसायची की पाणी थेंबाथेंबाने यायचं, शीत एक पडायचं नाही. एका दुपारी तिने त्याच वेळणीत घालून जवळ्याचं सुकं पाठवलं. सुकं आम्ही खाल्लं. वेळणी मी धुतली आणि तात्पुरती कोपऱ्यातल्या ट्रॉलीत मागच्या बाजूला उभी केली. तात्पुरती.

दोन दिवसांनी काकी मागच्या दारात आली. मला अजून दिसते ती. सवयीने मान वर केली, मांडणी जिथे होती तिथे, आणि समोर पांढरी दारं. तिचा हात अर्धा उचललेला होता तो तिने पदरावर नेला. "वेळणी कुठं गो ठेवलीस?" तिने विचारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिला विचारावं लागलं. आई कालवणात होती. "थांब गो, पिंकीला सांगते, पाठवते संध्याकाळी." संध्याकाळी मी शोधली, नाही सापडली. दुसऱ्यांदा ती आली तेव्हा उंबरठ्याच्या आत नाही आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा आईने सगळी दारं उघडून दाखवली, जसं पोलिसांना दाखवतात. "बघ बाय, तूच बघ." काकी म्हणाली, "मी कशाला बघू तुझ्या कपाटात?" आणि गेली. तिकडे ती भात स्टीलच्या ताटाने वेळत होती आणि हात भाजून घेत होती. हे आम्हाला नंतर कळलं.

आता माझं पाप. लग्नाचे तांदूळ निवडायला आळीतल्या बायका आमच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. सुपांचा आवाज, गप्पा, मला मधे बसवलेलं, आणि सगळ्यांचा एकच हट्ट, "पिंकी, कोणाचं तरी कर गो." मी रमेशभाई केले, तोंडात दोन काड्या धरून. हशा. बसच्या कंडक्टरचं केलं. हशा. मग मला सुचलं. मी ओढणीचा पदर करून खोचला, कमरेवर हात ठेवला, काकीसारखी मान वर केली, आणि पांढऱ्या दारांसमोर हरवल्यासारखी इकडेतिकडे बघत एक एक दार टकटक करत गेले. "अगोऽऽ वेळणीऽऽ! आहेस का गो आत? मी आलीय, जमना!" बायका आडव्या झाल्या. एकीच्या सुपातले तांदूळ सांडले. मी आणखी चढले. वाकून ट्रॉलीच्या फटीला कान लावला. "काय म्हणतेस? भांडी आता पाया पडल्याशिवाय भेटत नाय?"

हसणं एका बाजूने थांबत आलं, तेव्हा मी वळले. काकी मागच्या दारात होती. तांदूळ निवडायलाच आली होती, सूप काखेत.

तिचं मी शंभर वेळा केलं होतं, तिच्या तोंडासमोर. सगळ्यात जास्त तीच हसायची. त्या दिवशी ती रागावली पण नाही. ती फक्त म्हणाली, "बरोबर केलंस. तसंच वाटतं मला." सूप उंबरठ्यावर ठेवलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी तिने बाजारात टोपली उचलून पार दुसऱ्या टोकाला नेली, नारळवालीच्या पलीकडे. आईच्या शेजारी एका टोपलीएवढी ओली फरशी रिकामी राहिली. तिथे कोणी बसेना. हळदीला काकी आली, कारण आळीत हळदीची गाणी तीच उचलते, तिच्याशिवाय बाकीच्यांना सूर सापडत नाही. आली, सगळी गाणी म्हटली, एक विसरली नाही, आणि पाण्याचा घोट न घेता गेली. आईने तिच्यासाठी काढून ठेवलेलं ताट तसंच झाकलेलं राहिलं. आई मला ओरडली नाही. आई ओरडत नाही तेव्हा घरात राहावत नाही. बाजारातून यायची, टोपली उपडी करायची, आत निघून जायची. एक दिवस चहा कपात ओतला, बशी घेतली, आणि बशी तशीच हातात धरून बसली. मला म्हणाली, "तू लावलंस ना? तूच काढ. ती वेळणी मिळेपर्यंत मला तोंड दाखवू नकोस."

लग्न होऊन वहिनी घरात येऊन चौथा दिवस. मी सगळ्या ट्रॉल्या, सगळी कपाटं रिकामी करून भांडी अंगणात उन्हात मांडली. आणि मग तमाशाच झाला. मागच्या वाटेने जाणारी बाई थांबली. "अगो, ही तर माझी वाटी!" दुसरी आली. "हा डबा मी गणपतीपासून शोधतेय, सुनेवर आळ घेतला मी!" तिसरीने आमच्या परातीवर नजर टाकली आणि ती उलटी करून नाव दाखवलं, तिचंच. दुपारपर्यंत आमच्या नव्या किचनमधून नऊ घरांची भांडी निघाली. दारांच्या मागे अर्धी आळी कोंडून ठेवली होती आम्ही, आणि एकीनेही मागितलं नव्हतं. काय आहे, बंद दाराकडे बघून काय मागायचं ते कोणाला आठवेना, आणि आठवलं तरी मागायची सवय कोणाला होती? प्रत्येक बाई मनात धरून बसलेली. दादा कामावरून आला आणि अंगण बघून परत फाटकाबाहेर गेला.

वेळणी मात्र नव्हती. मी ओट्याखाली आडवी, मुंडी कोपऱ्यातल्या ट्रॉलीच्या खणात, पाय बाहेर अंगणाकडे, बॅटरी लावलेला मोबाईल तोंडात. ती ट्रॉली पहिल्यापासून दोन बोटं बाहेर राहायची. दादा म्हणायचा चॅनल घासतंय, मी रमेशभाईंना दोनदा फोन केला होता, ते दोन्ही वेळा म्हणाले, "बेन, दाबीने बंद करो." मी रोज दाबून बंद करत होते. आतून माझा आवाज येत असणार, "नाहीये! नाहीये म्हणजे नाहीयेच!" तेवढ्यात वहिनी वाकली. आल्यापासून ती फारशी बोलली नव्हती. "ताई, जरा सरका." हातातला चुडा वर सरकवला, खांद्यापर्यंत हात घातला, डोळे मिटले, आणि गाल ओट्याला टेकवून चाचपत राहिली. "आमच्याकडे कोंबडी कणगीच्या मागे अंडी घालते," ती म्हणाली, "दिसत नाय, हातालाच कळतं." आणि ट्रॉलीच्या मागून, भिंतीच्या फटीतून, तिने वेळणी ओढली. एका बाजूने वाकलेली. मीच वाकवलेली, रोज दाबून.

रिकामी कशी द्यायची? वहिनीने तांदळाच्या चार भाकऱ्या केल्या, वेळणीवर ठेवल्या, आणि मला पाठवलं. आई म्हणाली, "मी येणार नाय. तू केलंस, तू जा." काकी चुलीपाशी होती. भाकऱ्या तिने आपल्या टोपलीत काढल्या, वेळणी पुसली, भाताच्या टोपावर ठेवली. वेळणी डुलली. टक, टक.

"वाकली."

"हो काकी."

"कोणी वाकवली?"

"ट्रॉलीने."

"ट्रॉली कोणी ढकलली?"

"मी."

तिने वरवंटा माझ्या हातात दिला, खाली पोतं अंथरलं आणि समोर बसली. मी ठोकत होते, ती बोट लावून सांगत होती, "हितं. हितं नाय गो, हितं. हळू. ती काय रमेशभाई नाय." मी हसू की नको या विचारात हातावर मारून घेतलं. अर्ध्या तासाने वेळणी पुष्कळशी बसली. पूर्ण नाही. आजही एका बाजूने दोन-चार शितं सांडतात, मी जाते तेव्हा बघते. मग ती म्हणाली, "आता कर माझी नक्कल." मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. मान वर केली, हात कमरेवर नेला, आणि पुढचं काही येईना. मला, पिंकीला, आवाज येईना! काकी म्हणाली, "जा घरी."

मला वाटलं संपलं. आईला तोंड दाखवायला मी तयार नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी डबा द्यायला बाजारात गेले तर लांबच उभी राहिले. काकी दुसऱ्या टोकाला होती. मला बघितलं, हातातला कोयता ठेवला, उठली, आणि भर बाजारात ओल्या फरशीवर साडी सावरत आडवी झाली. मुंडी नारळवालीच्या फळीखाली घातली, पाय बाहेर, दोन्ही पाय झाडत, आणि आतून माझा आवाज आला. हुबेहूब माझा, चिरका, रडका, तोंडात मोबाईल असल्यासारखा. "नाहीयेऽऽ! नाहीये म्हन्जे नाहीयेऽऽच!" तिने तिच्या दारातून सगळं बघितलं होतं. पहिलं हसू कोणाचं फुटलं? आईचं. एवढी हसली की हातातला पापलेट निसटून परत टोपलीत पडला. गिऱ्हाईकं हसली, नारळवाली हसली, मी एकटी डबा धरून उभी. आपली नक्कल होते तेव्हा कसं वाटतं ते मला तेव्हा कळलं. वाईट नाही वाटत, पण पायाखालची फरशी जरा सरकते. काकी उठली, साडी झटकली, टोपली उचलली, आणि आईच्या शेजारी आणून आदळली. "सरक गो." आई सरकली.

त्या रविवारी आईने दादाच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला आणि मागच्या दारासमोरच्या कपाटाची दोन्ही दारं उतरवायला लावली. दादा पंधरा मिनिटं भाषण देत होता, प्लायवर, सनमायकावर, फिनिशिंगवर. उतरवता उतरवता देत होता. ती दारं आता खाटेखाली मोठ्या टोपाच्या शेजारी आहेत आणि दादा अजून म्हणतो, परत लावायचीत. तिथे आता फक्त दुसऱ्यांची भांडी असतात. आमची बाकीच्या खणांत, आणि झाकणं अजून पडतात, आणि आईचं कपाळ अजून आपटतं, फक्त आता ती वहिनीला हाक मारते.

परवा मी माहेरी गेले होते, ओट्यापाशी उभी राहून चहा करत होते. मागे पावलं वाजली, भांड्याला भांडं लागलं, आणि आवाज आला, "नेते गोऽ!" मी "ने" म्हणेपर्यंत काकी अंगणाबाहेर. काय नेलं ते मी वळून बघितलंच नाही.